घराची बटई

लग्न मोडायला आम्हा दोघांची संमती पुरे होती, कर्ज मोडायला मात्र ती पुरत नव्हती. हे मला बँकेच्या साहेबांनी समजावून सांगितलं. आम्ही आता वेगळे राहतो, लवकरच घटस्फोटाचा अर्ज करणार आहोत, तर घराच्या कर्जावरून एकाचं नाव कमी करता येईल का, हे विचारायला मी गेले होते. साहेब भले गृहस्थ. आधी त्यांनी पाणी मागवलं, मग म्हणाले, "मॅडम, कर्ज दोघांच्या पगारावर दिलेलं आहे. तुमचं तिकडे काहीही होवो, आमच्याकडे तुम्ही अजून जोडपंच." कोर्टाचा निकाल हातात घेऊन दोघांपैकी एक जण सगळा बोजा उचलेपर्यंत त्या कागदावर आमचा संसार सुखाने चालणार होता. मला इतका राग आला की मी पाणी न पिताच उठले.

घर सिंदेवाहीत, गाव संपून धानाच्या बांध्या सुरू होतात तिथे. नव्वदीच्या अखेरीला बांधलं. दोन खोल्या, स्वयंपाकघर, पुढे छपरी आणि मागे भाजीपाल्याला चांगली ऐसपैस वाडी. मी गावातल्या शाळेत शिकवायची, नवरा पाटबंधारे खात्यात होता. हप्त्याचा अर्धा भाग त्याचा, अर्धा माझा, असं पहिल्या महिन्यापासून ठरलेलं. त्या घरात आम्ही एकत्र फार राहिलो नाही. त्याची गडचिरोलीला बदली झाली आणि तो तिथे खोली करून राहायला लागला. आधी दर शनिवारी यायचा, मग महिन्यातून एकदा, मग येईनासा झाला. त्याने 'येऊ का' विचारलं नाही, मी 'ये' म्हटलं नाही.

लोकांना कारण हवं असतं. दारू पितो का, मारतो का, दुसरी आहे का? तसलं काही नव्हतं. तो न बोलणारा आणि मी गप्प न बसणारी. मी दहा वाक्यं बोलले की तो 'हं' म्हणायचा, आणि त्या 'हं'वरून मी पुढची दहा बोलायची. माझ्या आईच्या भाषेत सांगायचं तर एक पाटा आणि एक वरवंटा, मध्ये वाटायला काहीच नाही. मूल झालं नाही. झालं असतं तर कदाचित रेटत राहिलो असतो, कदाचित नसतोही.

वेगळं होण्यात मला दुःख होतं, पण भीती नव्हती. भीती होती ती घराची. भाड्याच्या खोल्यांत वाढलेली बाई मी. माझ्या वडिलांनी जन्मभर लोकांच्या भिंतीत खिळा ठोकायला परवानगी मागितली. या घरात मी पहिल्या दिवशी मनाला येईल तिथे खिळे ठोकले होते. ते घर गेलं असतं तर मी मोडून पडले असते, हे सरळच सांगते. आणि ते जायला एवढंच पुरेसं होतं की त्याने त्याचा अर्धा हप्ता भरायचा थांबवावं. सगळा हप्ता एकटीने भरायची माझी तेव्हा ऐपत नव्हती.

त्याच्या वकिलाने त्याला नेमका हाच सल्ला दिला होता. हप्ता बंद करा, बँकेची नोटीस आली की बाई आपोआप घर विकायला तयार होईल, पैसे वाटून घ्या आणि मोकळे व्हा. माझा वकीलही काही कमी नव्हता. तो म्हणाला, तुम्हीच बंद करा, सगळं नवऱ्याच्या अंगावर पडू द्या. दोघांचं ऐकलं असतं तर घर बँकेने नेलं असतं आणि फी वकिलांनी.

त्याच्या वकिलाचा सल्ला मला कळला तो माझ्या सासऱ्यांकडून. त्यांना मी मामाजी म्हणायची, अजूनही म्हणते. जवळच्याच खेड्यात त्यांची धानाची शेती. सून म्हणून मी त्यांना आवडायची, कारण त्यांच्या बोलण्याला उत्तर देणारं त्या घरात दुसरं कोणी नव्हतं. एका रविवारी सकाळीच ते छपरीत येऊन बसले. मागोमाग नवराही आला, फाटकातच उभा राहिला. मामाजींनीच त्याला गडचिरोलीहून बोलावून घेतलं होतं.

मामाजींनी चहा प्याला, मिशा पुसल्या आणि म्हणाले, "वकील काय म्हन्ते ते आयकलं मी. माह्यं एक आयका. पेरलेलं वावर कोनी मधात सोडते का? सोडनारे दोघंबी उपाशी मरते. तुमी हे घर बटईनं करा."

मी म्हटलं, "मामाजी, बटई वावराची असते. घराची कशी?"

"काऊन नसते? धान पिकते तिथी बटई असते. इथी वाडी पिकते. दोघंबी आपापला अर्धा हप्ता भरा. इथी राहीन त्यानं घरपट्टी, लाइटबिल, डागडुजी पाहावी. वाडीत जे होईन त्याचे सरके दोन वाटे. कोर्टाचा कागद हाती येयेपर्यंत कोनी हप्ता सोडाचा नाई, कोनी घर इकाचं नाई. कागद आला का साल भरलं. मंग पुढचं पुढं."

बटई म्हणजे आमच्याकडे अर्ध्या वाट्याने केलेली शेती. जमीन एकाची, राबणारा दुसरा, खळ्यावर धानाचे सारखे दोन ढीग. लिहिणं नाही, सही नाही. शब्द दिला की अख्खं साल निभावतं. मामाजींनी आणखी एक गोष्ट सांगितली, ती त्यांच्या दृष्टीने सगळ्यात महत्त्वाची. "वाटा ज्याचा त्यानं उचलला पायजे. खळ्यावर वाटा पडून राह्यला तं समजाचं, बटई मोडली."

नवरा 'हं' म्हणाला. त्या एका 'हं'चा मला त्या दिवशी राग आला नाही.

आता या बटईत मी कोण, हे मला कोणी सांगायची गरज नव्हती. घर झाडणारी मी, वाडीला पाणी घालणारी मी, अर्धा माल दुसऱ्याच्या पिशवीत भरणारी मी. म्हणजे राबणारी बटईदारीण मीच, आणि मालक तिकडे गडचिरोलीला पंख्याखाली बसलेला. साल भरलं की मालक म्हणणार, वावर मोकळं कर. मामाजी कितीही गोड बोलले तरी लेक त्यांचा होता. मी मनाशी ठरवलं की या बटईदारिणीकडून एका शेंगेचीही खोट काढायला जागा ठेवायची नाही.

त्याची हप्त्याची पद्धत अशी होती की महिन्याच्या पहिल्या आठवड्यात तो गडचिरोलीहून बसने यायचा, बँकेत पैसे भरायचा आणि त्याच पावली परत जायचा. घराकडे फिरकायचा नाही. मग मी त्याचा वाटा बँकेतच ठेवायला लागले, शिपायाच्या टेबलाखाली, कापडी पिशवीत. तो ती न्यायचा आणि मागच्या महिन्याची रिकामी पिशवी तिथे ठेवायचा. पिशवी धुतलेली असायची. पहिल्यांदा ती धुतलेली पिशवी हातात आली तेव्हा मी बँकेत उगाच घटकाभर बसून राहिले. या माणसाने संसारात कधी स्वतःचा रुमाल धुतला नव्हता.

वाडीत मुंगन्याचं, म्हणजे शेवग्याचं झाड होतं, त्याच्या हातभर शेंगा. एक लिंबू, दोन पपया, आणि थंडीच्या तोंडाला कुंपणभर वाल. शेंगांचे दोन ढीग करायचे, डोळ्यांनी तोलायचे, उजवा जरा जास्त वाटला तर एक मूठ डावीकडे. एकदा वेलाला एकच कोहळं धरलं. कोहळं बाईने फोडू नये म्हणतात, पहिला घाव पुरुषाचा. घरात पुरुष कुठून आणू? मी कोयता घेतला आणि फोडलं. अर्धं कोहळं पिशवीत घालून बँकेत गेले तर शिपाई हात जोडून म्हणाला, "बाई, शेंगा आना, लिंबं आना, पन हे फोडलेलं कोहळं बँकेत नोका आनू. लोकं म्हन्तीन इथी काई करनी करून राह्यले." साहेबही हसले. पण नवरा ते अर्धं कोहळं घेऊन बसमध्ये बसला, असं शिपायाने पुढच्या खेपेला सांगितलं. मला ते दृश्य डोळ्यांपुढे आणून खूप हसू आलं, आणि मग हसू थांबलं तरी बराच वेळ काही काम सुचलं नाही.

असं सुरळीत चाललं होतं. कोर्टात अर्ज पडला, तारखा पडायला लागल्या. तारखेला चंद्रपूरला आम्ही वेगवेगळ्या बसने जायचो आणि एकाच बाकावर दोन टोकांना बसायचो.

मग एका वर्षी दिवाळी झाल्यावर, धान कापणीला आला असताना, मी वालाच्या पहिल्या शेंगा ठेवल्या. मागाहून माझा हप्ता भरायला गेले तर पिशवी तशीच टेबलाखाली होती. शिपाई म्हणाला, "भाऊ आलेच नाई बाई. शेंगा सुकून राह्यल्या." मी खिडकीवर विचारलं. त्याचा हप्ताही आला नव्हता.

दुसऱ्या कोणाला वाटलं असतं, उशीर झाला असेल, येईल. माझ्या कानात एकच वाक्य वाजत होतं, वाटा पडून राहिला की बटई मोडली. त्याने वकिलाचं ऐकलं. शेवटी ऐकलंच. आता नोटीस येणार, घराला कुलूप लागणार, आणि मी पुन्हा कोणाच्या तरी भिंतीपुढे खिळा हातात घेऊन उभी राहणार. त्याच्या ऑफिसात फोन करता आला असता. पण फोनवर 'कोण बोलतंय' विचारल्यावर काय सांगायचं, इथेच माझं अडायचं. 'त्यांची बायको' म्हणायचं कोणत्या तोंडाने, आणि दुसरं काही म्हणायचं तर काय?

मी ती सुकलेल्या शेंगांची पिशवी घेऊन तडक मामाजींकडे गेले. ते खळं सारवून घेत होते. मी पिशवी त्यांच्यापुढे ओतली. "पाहा, तुमच्या लेकानं बटई मोडली."

तोंडाला येईल ते बोलले मी. ज्या गोष्टी नवऱ्याला बोलायच्या राहिल्या होत्या त्याही त्यांना बोलून घेतल्या. मामाजी खाली बसून एकेक शेंग उचलून पाहत होते. माझं संपल्यावर म्हणाले, "वाटा उचलला नाई, हे खरं. पन बाई, बटई मोडनारा येऊन सांगते. न सांगता मोडाले तो काई चोर नाई. तो बोलत नाई, पन हे बोलाले आला असता." मग त्यांनी हात धुतले, टोपी घातली आणि म्हणाले, "चाल."

गडचिरोलीची बस मूल गावावरून जाते. ती धरून आम्ही दोघं गडचिरोलीला पोचलो. त्याच्या खोलीला कुलूप. घरमालकीण बाहेर आली आणि मामाजींकडे पाहून म्हणाली, "तुमाले कोनी सांगतलं नाई का? दवाखान्यात हाय ना भाऊ. मलेरिया डोक्यात गेला मन्तेत."

आमच्या भागात मलेरिया काही नवलाचा नाही, सर्दीसारखा येतो. पण तो डोक्यात जातो तेव्हा घरची माणसं बोलायची थांबतात. दवाखान्यापर्यंत मामाजींचा हात मी धरला होता की त्यांनी माझा, आठवत नाही.

तो वॉर्डाच्या टोकाच्या खाटेवर होता. धोका टळला होता, असं नर्सने सांगितलं. गाल बसलेले, डोळे पिवळट. ऑफिसच्या लोकांनी आणून टाकलं होतं, शुद्धीवर आल्यावर घरी कळवू नका म्हणून यानेच सांगितलं होतं. धान कापणीच्या दिवसांत बापाला कशाला धावायला लावा. मामाजी त्याच्या कपाळावर हात ठेवून उभे राहिले. त्याने आधी बापाकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि इतक्या दिवसांनी पहिला शब्द मला बोलला, "हप्ता राह्यला."

मी म्हटलं, "भरला."

भरला नव्हता. दुसऱ्या दिवशी सकाळी बँक उघडायच्या आधी मी पायऱ्यांवर उभी होते. शाळेतल्या एका बाईंकडून उसने घेतले, उरलेले दिवाळीच्या बोनसमधले होते, आणि त्याचा अर्धा भाग त्याच्या नावाने भरला. कोणाला सांगितलं नाही, पण लपवलंही नाही. बरा झाल्यावर तो ते पैसे घेऊन शिपायाकडे ठेवून गेला. मी परत पाठवले. पुन्हा ठेवले, पुन्हा पाठवले. शेवटी मामाजींनी निकाल दिला, "दुखन्यातली पाळी मोजत नाई. बटईदार पडला तं मालक पानी देते, मालक पडला तं बटईदार. ठेवा ते पैसे आपापल्या घरी."

त्या आजारपणात मी काही दिवस दवाखान्यात भाकरी नेली. गावात बातमी पसरली की आता हे पुन्हा एक होणार. माझ्या आईने तर नवस बोलून ठेवला. मलाही दोन-चार दिवस तसं वाटलं, खोटं कशाला बोलू? पण खाटेवरच्या माणसाशी संसार सोपा असतो. तो उठून बसला, मी बोलायला लागले, त्याने 'हं' म्हटलं, आणि आम्ही दोघांनीही एकमेकांकडे पाहून ओळखलं की हे व्हायचं नाही. दुष्टावा नव्हता. होतं ते एवढंच की एका घरात आम्ही दोघंही कोमेजायचो आणि वेगळं राहिलो की एकमेकांशी माणसासारखं वागायचो.

कोर्टाचा कागद उन्हाळ्यात आला. साल भरलं.

आता मी त्या दिवसाची तयारी करत होते. मालक म्हणेल, घर विकू. मग मी काय म्हणायचं, ते मी मनात घोकून ठेवलं होतं. तुझा अर्धा मी हळूहळू देईन, पुढचं सगळं कर्ज मी एकटी उचलेन, मला मुदत दे. पगारही तोवर थोडा वाढला होता. गरज पडली तर हात जोडायचीही माझी तयारी होती, आणि माझ्या स्वभावाच्या बाईला ती तयारी करायला किती दिवस लागले असतील ते मलाच माहीत. आम्ही तिघं माझ्या घरी भेटलो. मामाजी छपरीत, मी दारात, तो फाटकाशी.

मी घोकलेलं सगळं एका दमात बोलून टाकलं. तो ऐकत राहिला. मग म्हणाला, "कायचा अर्धा?"

"घराचा. मालक तू आहेस ना."

त्याने बापाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. खरोखरच त्याला काही कळलेलं नव्हतं. "मालक? मी तं बटईदार होतो."

मी म्हटलं, "बटईदारीण मी होते. वाडीत राबले मी, वाटा पोचवला मी."

तो आमच्या लग्नाच्या सगळ्या वर्षांत एका वेळी जेवढं बोलला नव्हता तेवढं त्या दिवशी बोलला. "मालकाचा वाटा घरात राह्यते. बटईदार आपला वाटा पिशवीत भरून घेऊन जाते. मी दर महिन्याले पिशवी घेऊन गेलो. मी हप्त्याचं काम केलं, तू मले अर्धं पीक देल्लं. साल भरलं, आता मी वावर सोडून राह्यलो. कागदावर सही कुठी कराची ते सांग."

मी मामाजींकडे वळले. "तुमच्या मनात मालक कोण होता?"

मामाजी टोपी नीट करत म्हणाले, "मले कोनी इचारलंच नाई." आणि मग तोंड फिरवून बांध्यांकडे पाहत बसले. डोळे पुसताना त्यांना कोणी पाहिलेलं आवडत नसे.

घर मिळालं म्हणून मला आनंद व्हायला हवा होता. तेवढ्यासाठीच तर मी ती सगळी वर्षं जीव मुठीत धरून काढली होती. पण मला आधी लाज वाटली, आणि मग पोटातून रडू आलं. तो कधीच माझ्या घरावर टपलेला नव्हता. दर महिन्याला बसने येऊन तो माझ्याच घराची मजुरी करून जात होता.

दुय्यम निबंधकाच्या कचेरीत त्याने हक्कसोडपत्रावर सही केली, उरलेलं कर्ज माझ्या एकटीच्या नावावर झालं. बाहेर आल्यावर तो बसस्टँडकडे वळला. आमच्याकडे साल संपलं की मालक बटईदाराला छपरीत बसवून जेवू घालतो, उपाशी पाठवत नाही. मी म्हटलं, "जेवून जा." तो घरी आला. मी भात, वरण आणि सुक्या वालाची भाजी केली, ताट वाढून आतल्या खोलीत पाट मांडला आणि त्याला हाक मारली. तो छपरीतच पायरीजवळ मांडी घालून बसला होता. "आत ये," मी म्हटलं.

"इथीच बरं हाय," तो म्हणाला, आणि ताट घ्यायला त्याने दोन्ही हात पुढे केले.